उभीबाय बसली तेव्हा

आमच्या उभीबायला बसलेली कोणी पाहिली नव्हती. मी वाढवून सांगत नाही, डहाणूच्या खाडीकाठी कुणालाही विचारा. चहा प्यायची ती उभ्याने. जेवायची तीही चुलीपाशी, ताटली हातात धरून. मयताच्या घरी गेली तरी ओट्याच्या खांबाला पाठ लावून उभी. लग्नाच्या पंगतीत वाढायला तीच पुढे, कारण वाढणाऱ्याला बसावं लागत नाही. झोपताना तेवढी आडवी व्हायची, आणि त्याचंही तिला मनातून थोडं वाईट वाटत असावं. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, तेवढ्यापुरतंच. बाकी सगळा गाव, एसटीचे कंडक्टर, उधव्याचा बाजार, सगळ्यांना ती उभीबाय.

ती आमच्या ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. तिचा नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी आली आणि माझ्या लग्नाच्या आधीपासून या घरात होती. मी माप ओलांडून आत आले तेव्हा सगळ्या बायका खाली बसलेल्या आणि एक उंच बाई भिंतीशी उभी. मला वाटलं, ही माझ्यावर रागावलेली दिसते. मग कळलं, राग नाही, हिचं आसनच ते. मी तिला नुसतं बाय म्हणायचे, ती मला हिरे म्हणायची. आमची घरची बोली वेगळी आहे बरं का, पण ती इथे लिहिली तर पुलापलीकडच्याला कळायची नाही, म्हणून मी आपली बाजारच्या मराठीत सांगते.

बाय सुकी मासळी विकायची. खाडीकाठी आमच्या वलांड्या आहेत, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या. त्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात. सुकट, बोंबील, थोडे सोडे, असं पाटीत भरून, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, अशी ती सकाळच्या एसटीने तलासरीला जायची आणि तिथून पुढे उधव्याचा बाजार, वेवजीचे पाडे. पावसाळ्याआधीची शेवटची फेरी सगळ्यात मोठी. पाऊस लागला की आमच्या बोटी वर ओढलेल्या आणि डोंगराकडची माणसं भाताच्या आवणीला शेतात वाकलेली. चिखलातून घरी आलं की भाकरीबरोबर तोंडी लावायला सुकट हवी. ती उन्हाळ्यातच भरून ठेवायची. बदल्यात बाय नागली, म्हणजे नाचणी, आणायची, तांदूळ आणायची, कधी तुरी. आमच्या घरी नागलीची भाकरी झाली ती तिच्या डोक्यावरून आलेली.

बोलायला तिला कुठलीही भाषा चालायची. बाजारात हद्दीपलीकडून गुजराती गिऱ्हाईक आलं की तिचं गुजराती सुरू, पाड्यावर गेली की तिथल्यासारखी हेल काढून बोलायची. आणि सगळ्या भाषांत मिळून तिचा एक शब्द ठरलेला, 'चालशे', म्हणजे चालेल. बोंबील थोडा तुटला, चालशे. एसटी चुकली, चालशे. कुणाची नवी सून कशी वाटली विचारलं तरी चालशे. ह्यांनी एकदा चिडून विचारलं, तुला न चालणारं काय आहे ते तरी सांग. ती म्हणाली, "बसून राहिलेलं."

वेवजीला सोमीबाई म्हणून तिचं जुनं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कसलं, बहीणच म्हणायची. सोमीबाईचं शेत उताराला, घर शेताच्या कडेला, अंगणात एक खाट कायम टाकलेली. बाय दारात आली की सोमीबाई खाटेवरची धूळ पदराने झटकायची आणि म्हणायची, बस गं बाय. बाय म्हणायची, बसते की, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहायची. पाटीही डोक्यावरून उतरवायची नाही. सोमीबाईच टाचा उंचावून वरच्या वर बोंबील काढून घ्यायची. हे असं किती वर्षं चाललं कुणास ठाऊक. सोमीबाईने 'बस' म्हणायचं सोडलं नाही आणि हिने बसायचं मनावर घेतलं नाही.

आता तिच्या पायांचं सांगते, कारण सगळी गोष्ट पायांचीच आहे. तिच्याकडे चपला होत्या, पण त्या पिशवीत असायच्या. एसटीत चढताना घालायची, उतरली की काढून पिशवीत. म्हणायची, चपलेने पावलाला रस्ता कळत नाही. त्यामुळे टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत बारा महिने चिखल्या, कुठे माशाचा काटा रुतलेला, वर खारं पाणी. मी खोबरेल तेल पुढे केलं की ती ते केसांना लावायची आणि वाटी परत द्यायची.

त्या वर्षी शेवटच्या फेरीची मासळी ती ओट्यावर निवडत होती, उभ्यानेच, पाट टेबलावर ठेवून. दुपारी एकाएकी तिला हुडहुडी भरली. बाहेर अंगातून पाणी निघेल असं ऊन, आणि ही गोधडी मागते. मी पाय चेपायला हात लावला तर ती कळवळली. डावी नडगी टरटरून सुजलेली, कातडी अशी चकचकीत की वाटावं तेल लावलंय. लाल म्हणावं तर आमची कातडी सावळी, लाली तिच्यावर लाल दिसत नाही. जांभळट, तांबूस, काहीतरी दिसत होतं. पण हात ठेवला तर तव्यासारखी गरम.

शेजारच्या म्हाताऱ्या आत्या आल्या, बघून म्हणाल्या, हे धावरं. धावतं म्हणून धावरं. वीट गरम करून शेक द्या, वर हळदचुन्याचा लेप घाला. आम्ही तेच केलं. सकाळी पाय दीडपट झाला. मग मी आमच्या ह्यांना म्हटलं, आता रिक्षा बोलवा, आणि बायला दवाखान्यात नेलं. रिक्षातही ती वाकून उभी राहायला बघत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोर्डीकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी लेप पुसून काढला, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या आणि म्हणाल्या, "मावशी, दार इथे उघडं राहिलंय. चिखल्यांतून जंतू आत शिरलाय आणि कातडीच्या खाली पसरतोय." शेक नाही, लेप नाही, चोळायचं तर अजिबात नाही. गोळ्या दिल्या, त्या बरं वाटलं तरी संपेपर्यंत घ्यायच्या. पाय साबणाने हलक्या हाताने धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या. आणि दिवसभर आडवं पडून पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. ते ऐकून बायचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी घर सोडून जायला सांगितलं.

मग त्यांनी टेबलावरचं निळं पेन घेतलं आणि लाली जिथपर्यंत होती तिथे पायाभोवती रेघ काढली. मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, डोळ्यांनी कळणार नाही, असा उलटा हात लावून बघायचं, गरम कुठपर्यंत आहे ते. माझा हात धरून त्यांनी आधी रेघेच्या वर लावला, मग खाली. वर गार, खाली भट्टी. मग बायला सांगितलं, "ही हद्द समजा. लाली हद्दीबाहेर गेली, नाहीतर ताप चढला, की त्याच दिवशी इकडे यायचं. रक्तात उतरलं तर पायाचंच नाही, जिवाचं होतं."

घरी आलो आणि पहिलं भांडण पाय कुठल्या दिशेला करायचे यावर झालं. पश्चिमेला दर्या. त्याच्यावर घर चालतं, त्याच्याकडे पाय करून कोण निजेल? पूर्वेच्या भिंतीला देव. उत्तरेला दार, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर तळवे दाखवायचे का? दक्षिणेला पाय केले तर डोकं उत्तरेला, तसं मेलेल्याला निजवतात. बायने चारी दिशा अशा एकेक करून बंद केल्या आणि म्हणाली, बघ, सगळीकडे कुणी ना कुणी आहे, म्हणून मी उभी राहते. शेवटी ह्यांनी खाट ओढून तिरकी लावली, देव आणि दर्या यांच्या मधोमध. बाय त्या तिरक्या खाटेवर पडली. पण मी स्वयंपाकघरात गेले की ओट्यावरून पाट सरकवल्याचा आवाज यायचा. जाऊन बघावं तर ही उभी, बोंबील निवडतेय.

तिचा जीव त्या शेवटच्या बाजारात अडकला होता. सारखं म्हणायची, बाजार चुकला तर त्यांना चार महिने सुकट नाही, सोमी रस्त्याकडे डोळे लावून बसेल. मी म्हणायचे, सोमीबाईला समजेल. ती म्हणायची, समजेल, पण खाईल काय? ताप उतरला होता. मी रोज विचारायचे, बाय, रेघ कशी आहे? ती लुगडं थोडं वर करून दाखवायची. लाली रेघेच्या आत. मी निर्धास्त.

बाजाराला आठवडा उरला होता तेव्हा, एका संध्याकाळी, मी तिला चहा दिला आणि सहज उलटा हात लावला. रेघेच्या आत गरम होतंच, पण रेघच मला नवी वाटली. डॉक्टरीणबाईंची रेघ निळी होती, आणि जरा वाकडी, कारण बायचा पाय तेव्हा थंडीने हलत होता. ही रेघ काळी आणि सरळ. मासळीच्या पेट्यांवर नाव टाकायचं मार्कर आमच्या ओट्यावर असतं, त्याची. आणि गुडघ्याखाली होती ती आता गुडघ्याला टेकली होती.

"रेघ काळी कशी झाली गं, बाय?"

"उन्हाने."

तिने चहाचा घोट घेतला, उभ्यानेच.

"हद्द सरकवली थोडी," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? दर्यात हद्द रोज सरकते. आज हे गाव पुढे जाळं टाकतं, उद्या ते. भांडतात आणि तिथेच मासे मारतात."

"तू कुणाशी भांडलीस?"

"पायाशी. तो ऐकेना, म्हणून मी ऐकलं."

हसू यायला हवं होतं, पण मी आधी ह्यांना रिक्षा आणायला पाठवलं. आमच्या गावात हे असंच चालतं हो. समुद्रातल्या हद्दीवरून आमच्याकडे पंचायती बसतात, आणि पंचायत उठली की ज्याला जिथे जाळं टाकायचं तिथे तो टाकतो. बायने आयुष्यभर तेच पाहिलेलं. तिच्या लेखी हद्द म्हणजे बोलणी करायची जागा. आणि मी तिच्या पदराची गाठ सोडली तर त्यात गोळ्या. ताप उतरला तशा तिने घ्यायच्या थांबवल्या होत्या, बाजाराच्या दिवशी घ्यायला म्हणून. वाटेत कमी पडायला नकोत, असं तिचं म्हणणं.

रिक्षात तिला कापरं भरलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती मला सोमी म्हणून हाक मारायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी काळी रेघ बघितली, मी सांगितलं ते ऐकलं, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. म्हणाल्या, गोळी म्हणजे काय भाकर आहे, फडक्यात बांधून न्यायला? मग सलाईन लावलं, औषध शिरेतून सुरू केलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अजून हातात आहे, पण आता पाय खाली आला तर मला सांगू नका. त्या पायाखाली त्यांनी घोंगड्यांची चळत लावली आणि वरून निळ्या पेनाने नवी रेघ काढली. बाय शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा तिने काय बघितलं असेल तर आपलाच तळवा, हवेत.

समोरच्या खाटेवर वेवजीकडचे एक आजोबा होते, खोकल्याने आलेले. बायचा पाय थेट त्यांच्या तोंडाकडे. ती उठू शकत नव्हती, पाय काढू शकत नव्हती. मग काय करणार? सकाळी डोळे उघडले की ती त्यांना हात जोडायची. दुपारी ते जेवून आडवे झाले की परत हात जोडायची. आजोबांनी थोडे दिवस सोसलं, मग म्हणाले, "बाय, हात नको जोडू. तुझा पाय दिसतो म्हणून मला कळतं, समोर कोणीतरी आहे."

त्या खाटेशी बसून मी एकदा तिला विचारलं, बाय, तुला बसायचं एवढं कसलं वावडं? मला वाटलं होतं, नेहमीसारखं काहीतरी फेकेल. पण तिने छताकडे बघत सांगितलं.

"भरल्या पाटीने खाली बसलं, तर उठताना पाटी डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं, हिरे. घरवाला बोटीवर गेला तो गेलाच, मग माझ्याकडे ते माणूस राहिलं नाही. रोज परक्याच्या दारात कुणाला म्हणायचं, जरा हात लाव? म्हणून बसायचं नाही ठरवलं. पुढे पाटी नसली तरी पाय तसेच राहिले."

मी तिचं तोंड पुसलं, आणि म्हटलं, उद्याच्या बाजाराला पाटी मी नेते. तिने मला खालून वर बघितलं. मी तोवर कधी पाटी डोक्यावर घेऊन डहाणूबाहेर गेले नव्हते. नाही म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, सोमीला बोंबील हाताने निवडून दे, मोडका देऊ नको. सुकट दाबून माप. तिथल्या बायका बोलतील ते सगळं ऐकून घे, घाई करू नको. आणि शेवटी, "चपला घाल. पायातच."

उधव्याला माझ्या पाटीभोवती बायका जमल्या, पण घेईना कोणी. आधी विचारायच्या, उभीबाय कुठे? मी पहिल्यापासून सांगायचे, हुडहुडीपासून रेघेपर्यंत. एकीला सांगून झालं की दुसरी यायची, तिला परत पहिल्यापासून. सगळं ऐकून झालं की मग पाटीत हात घालायच्या. दुपारपर्यंत माझा घसा बसला आणि पाटी रिकामी झाली. सोमीबाई शेवटी आली. ती काही घेईना. तिने आपलं नागलीचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि माझ्याबरोबर गाडीत येऊन बसली.

वॉर्डात सोमीबाई दिसली तशी बायने पाय खाली ओढायला घेतला. सोमीबाईने वरच्या वर तो धरला आणि घोंगड्यांवर परत ठेवला. म्हणाली, "इतकी वर्षं बस बस म्हटलं, ऐकलं नाहीस. आता कशी छान निजलीस." बायला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, पण ती म्हणाली काय, "तुझ्या पायाला काय झालंय? भेगा बघ." आणि निजल्या जागेवरून तिने सोमीबाईला शिकवलं, लाली डोळ्याने दिसत नाही, उलटा हात लाव. सोमीबाईने लावला. "अजून गरम आहे," ती म्हणाली. "नीज."

मग हळूहळू उतार पडला. भरती कुठपर्यंत आली होती ते रेतीवर दिसतं ना, तशी ती निळी रेघ वरच राहिली आणि लाली ओहोटीच्या पाण्यासारखी खाली खाली सरकत गेली. घरी आल्यावर कातडी पापुद्र्यासारखी सुटली, आणि खाली तपकिरी डाग राहिला. मी घाबरून डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हा डाग राहील काही महिने, कदाचित कायमचाही. रंगाला भिऊ नका, गरमपणाला भ्या. तेव्हापासून आमच्या घरी एक रीतच झाली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की बाय ओट्यावर येऊन बसायची, हो, बसायची, रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर डावा पाय ठेवायची आणि माझी वाट बघायची. मी पाय धुऊन, बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या करून, टाचांना तेल लावायचे, आणि शेवटी नडगीला उलटा हात. मग म्हणायचे, "गार आहे." हे ऐकल्याशिवाय ती जेवायला उठायची नाही. कधी मी कामात असले तर तिथूनच हाक यायची, "हिरे, मी गार आहे का?"

गावाला ती बसलेली बघायची सवय व्हायला वेळ लागला. सुरुवातीला लोक ओट्याजवळून जाताना थबकायचे. कुणी म्हणायचं, आता हिला बसकीबाय म्हणा. ती म्हणायची, म्हणा, चालशे, पण आधी तुझा पाय दाखव. हे तिचं नवीन वेड. जो येईल त्याच्या बोटांच्या बेचक्या बघायच्या. बोटीवरून उतरलेल्या पुरुषांनासुद्धा तिने सोडलं नाही. एकाची पोटरी सुजून आली होती, तो लेप लावणार होता. तिने पेटीवरचं मार्कर मागवलं, स्वतः रेघ काढली आणि म्हणाली, जा दवाखान्यात, आणि ही रेघ हलवलीस तर मला कळेल, मी ते काम केलेलं आहे.

पुढे ती उधव्याला, वेवजीला परत जायला लागली. पाटी हलकी, गाडीने, चपला पायात. सोमीबाईच्या अंगणात खाटेवर बसायची. पाटी खाली ठेवायची, आणि निघताना सोमीबाई एका बाजूने हात लावून ती डोक्यावर द्यायची. बायने मला हे इतक्यांदा सांगितलं की जणू ती काशीला जाऊन आली. आवणीच्या दिवसांत शेतातून आलेल्या बायकांना ती पाय धुवायला लावायची, त्यांच्या नडग्यांना उलटा हात लावायची. त्या हसायच्या. मग त्याही एकमेकींना हात लावायला शिकल्या.

पाय तिचा परत कधी तसा सुजला नाही. वय आलं होतं, ते आलं. थंडीतल्या एका संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती, पाटीवर पाय ठेवून, तोंड दर्याकडे. मी तेलाची वाटी घेऊन आले, पाय धुतला, पुसला, तेल लावलं, उलटा हात लावला, आणि सवयीने 'गार आहे' म्हणायला तोंड उघडलं. मग मी दुसऱ्या पायाला हात लावला, मग हाताला. वाटी खाली ठेवून मी ह्यांना हाक मारली. लोक आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि कुणालाही तिला आडवी करायचा धीर होईना.

यंदा पावसाआधीचा शेवटचा बाजार आला. ह्यांनी विचारलं, कोण जाणार? मी चुंबळ घेतली. उधव्याला आता मला ओळखतात, पण माझ्यापाठी कोणी आहे का म्हणून अजून बघतात. परतताना वेवजीला सोमीबाईच्या दारात गेले. पाटी निम्मी भरलेली, तिचे बोंबील मी हाताने निवडून बाजूला ठेवलेले. मी चौकटीला हात टेकून उभी राहिले. का ते मला माहीत नाही, आपोआप उभी राहिले. सोमीबाईने खाटेवरची धूळ पदराने झटकली आणि पुढे होऊन पाटी माझ्या डोक्यावरून उतरवली.

मी बसले. मग ती खाली वाकली, माझ्या चपला बाजूला सारल्या, लुगडं घोट्यावरून थोडं वर केलं आणि माझ्या नडगीला उलटा हात लावला. शेतात राबणारा हात, खरखरीत. तिने तो बराच वेळ तिथे ठेवला.

"गार आहे," सोमीबाई म्हणाली. "बस अजून. पाटी मी देते."